फेअर केलेला निबंध

गुरुजी, माझा तुमच्यावर राग आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण लिहिता लिहिता मी मऊ पडेन अशी मला भीती वाटते आणि या वेळी मला मऊ पडायचं नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटून गेली. एवढ्या वर्षांत तुमचा विषय निघाला की मी हातातलं काम बाजूला ठेवून तुमच्याबद्दल चार शब्द चांगलेच बोलत आलेय. मंचरला शाळेच्या ऑफिसात क्लार्क म्हणून लागले, तेव्हा पहिल्या दिवशी टेबलावर पेन ठेवताना तुमचीच आठवण काढली होती. आता तर निरोपसमारंभाचं भाषण असो, लग्नपत्रिकेचा मजकूर असो की कुणाच्या दहाव्याला वाचायचे दोन शब्द, लोक आमच्या ऑफिसच्या खिडकीशी येतात आणि म्हणतात, बाई, तुम्हीच लिहून द्या, तुमच्या हाताला शब्द येतात. हे वाक्य मुळात तुमचं. मी सहावीत असताना तुम्ही ते शाळेच्या ओट्यावर चष्मा काढून म्हणाला होतात, आणि त्या एका वाक्यावर मी जन्म काढला असं म्हटलं तरी चालेल.

झालं असं की आपल्या वरच्या गावातल्या शाळेचा या वर्षी अमृतमहोत्सव आहे. कमिटी बसली, स्मरणिका काढायची ठरली आणि तुमच्यावरचा लेख मी लिहायचा हे कुणी न विचारताच ठरून गेलं. शिवाय जुनी कागदपत्रं, हस्तलिखितं जे काही कपाटात सापडेल ते टाइप करून द्यायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. माझे डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. माझी भाची, म्हणजे धाकट्या भावाची मुलगी, मंचरलाच कॉम्प्युटरचे क्लास घेते. ती म्हणाली, आत्या, एवढी डोळेफोड कशाला, एआय वापर की. मी म्हटलं, ते मोठ्या लोकांचं काम, मला साधा फोन नीट येत नाही. त्यावर ती हसली नाही, हे मला आवडलं. म्हणाली, "एकदम धा ॲप घ्यायची नाहीत. तुझं काम काय ते आधी ठरव. लिखाण तपासायला एक आणि हातानं लिहिलेलं वाचायला एक, बास झालं. आणि घेशील ते आधी तुला पक्कं ठाऊक असलेल्या गोष्टीवर चालवून बघ."

हे ऐकून मला आई आठवली. घोडेगावच्या बाजारात आई विळा घ्यायची तेव्हा लोहारानं कितीही चमकवून पुढे धरला तरी ती बघायची नाही. म्हणायची, "दुकानात समदेच इळे धारंचे. गवतावर नेल्यावर कळतं." आणि खरोखरच बाजाराच्या कडेला वाकून गवताची एक मूठ कापून बघायची, मगच घ्यायची. मला लाज वाटायची तेव्हा. आता मीही तेच केलं. मला पक्का ठाऊक असलेला शब्द कुठला, तर आवणी. तुम्ही खालून, जुन्नरकडून आलेले, तरी आमच्यात वावरून तुम्हालाही तो पाठ झाला होता. राबातलं भाताचं रोप उपटून चिखल केलेल्या खाचरात लावायचं, ती आवणी. मी भाचीच्या फोनवर तीन वेगवेगळ्या ठिकाणी एकच प्रश्न टाकला, आमच्याकडे आवणी म्हणजे काय. पहिल्यानं छातीठोकपणे सांगितलं की आवणी म्हणजे देवीला घरी बोलावण्याचा पारंपरिक विधी, आणि त्या विधीला लागणारं सामानसुद्धा दिलं, सुपारीपासून. दुसरा म्हणाला, तुम्हाला लावणी म्हणायचं आहे का, आणि पुढे ढोलकी, घुंगरू सगळं आलं. आमच्या बाया गुडघाभर चिखलात आणि याच्या डोळ्यांपुढे फड. भाची आणि मी पोट धरून हसलो. तिसऱ्यानं एवढंच लिहिलं, की हा शब्द मला खात्रीनं माहीत नाही, तुमच्या भागात तो कशासाठी वापरतात ते सांगाल का.

मी त्या तिसऱ्याला घेतलं. का घेतलं माहीत आहे? तुमच्यामुळे. एकदा मी कवितेच्या एका ओळीचा अर्थ ठोकून दिला होता, अगदी ताठ मानेनं, आणि तो सपशेल चुकीचा होता. तुम्ही मारलं नाहीत. मला फळ्याजवळ बोलावून खडू हातात दिलात आणि म्हणालात, लिही, मला ठाऊक नाही. एकदाच लिही, पण मोठ्या अक्षरांत. मी लिहिलं. अख्खा दिवस ते फळ्यावर तसंच राहिलं, तुम्ही त्याच्या कडेकडेनं गणितं सोडवलीत. सुटताना म्हणालात, हे तीन शब्द म्हणायला ज्याला लाज वाटते त्याच्यावर कधी विश्वास ठेवू नका. मी नाही ठेवला गुरुजी, आजवर नाही ठेवला. भाचीला हे सांगितलं तर तिचे डोळे मोठे झाले. म्हणाली, आत्या, हे मी क्लासमध्ये पोरांना सांगणार.

आणि तेवढ्यावर मी थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला तुमचं आणखी कौतुक सांगायचा मोह झाला. लिखाण तपासायला तरी ते बरं पडतं का बघावं म्हणून मी त्या पहिल्या, देवीवाल्या ॲपला तुमच्यावरच्या लेखाचा एक परिच्छेद दिला आणि लिहिलं, फक्त शुद्धलेखन तपास. परत काय आलं, तर तुम्ही ज्ञानाचा अथांग सागर, तुम्ही तेवणारा दीप, आणि तुमच्या पावसाळी चपलेला टाचणी लावून तुम्ही चालायचात ते माझं वाक्य गायब. सायकल धरणाच्या रस्त्यापर्यंत आणून पुढे चढ पायी यायचात तेही गायब. माझा एक शब्द शिल्लक नव्हता, पण चूक एकही नव्हती. मी फोन टेबलावर आपटलाच. भाचीला म्हटलं, याला पहिलं काढून टाक. माझ्या गुरुजींनी कधी माझा शब्द बदलला नाही. चुकलं तर त्याच्याखाली लाल रेघ मारायचे आणि म्हणायचे, तूच बघ काय झालंय. असा माणूस आणि असं मशीन! हे मी बोलले, भाचीसमोर, शपथेवर बोलल्यासारखं.

दोन दिवसांनी कमिटीतल्या एकाचा फोन आला. माझ्याच वर्गात होता, आता गावातच असतो. म्हणाला, "ताई, तुमचा निबंध घावला राव. तालुक्यात पहिला आल्याला. केंद्रानं परत पाठवला व्हता, त्यो कपाटात तसाच. फोटू टाकतो. त्यो आपण तुमच्या नावानं पहिल्या पानावर छापायचा." मला काय वाटलं ते कसं सांगू. तो निबंध मी लिहिल्यानंतर पुन्हा पाहिलाच नव्हता. तुम्ही आम्हाला ओट्यावर बसवून म्हणाला होतात, माझी आई, आणि पुस्तकातली नको, बघितलेली लिहा. मी लिहिला. तुम्ही वाचलात. मग चष्मा काढला आणि ते हाताला शब्द येण्याचं वाक्य म्हणालात. पुढे म्हणालात, कागदाला चिखल लागलाय आणि अक्षर मुंग्यांसारखं आहे, मी फेअर करून पाठवतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. महिनाभरानं प्रमाणपत्र आलं, तुम्ही स्वतःच्या खिशातलं निळ्या शाईचं पेन मला दिलंत, आणि आमचे आण्णा, जे मला सातवीनंतर घरी बसवणार होते, ते आईला म्हणाले, "तालुक्याला पयली आली पोरगी, आता हिला म्हसरामागं कशी लावू." मी घोडेगावच्या वसतिगृहात गेले ती अशी.

त्या निबंधातलं मला पाठ काय होतं, तर तीनच ओळी. त्या मी कधी विसरले नाही कारण आई विसरू द्यायची नाही. तिला वाचता येत नव्हतं. अंगणात हिरडा वाळत घालताना, भांडी घासताना, कधीही म्हणायची, "काय लिवलं व्हतं गं माज्याबद्दल? सांग पुन्यांदा." मग मी म्हणायची: आवणीला वाकलेल्या बायका इरल्याखाली सगळ्या सारख्या दिसतात. पण मला माझी आई लांबून ओळखू येते. ती दर चार मुठी रोप लावलं की डावा पाय चिखलातून काढून झटकते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आई लाजली होती, पदर तोंडाला लावून म्हणाली, "आगं बया, पाय झटकते हे बी लिवलंस?" नंतर मात्र तिनं ते साऱ्या आवाठात, म्हणजे आमच्या वाडीभर केलं. कुणी पाहुणं आलं की चहाबरोबर तेच. "माजं पाय झटकनं तालुक्याला गेलंय, सायबांनी वाचलंय." शेवटच्या आजारपणात ती माझ्याकडे मंचरला होती. हायवेच्या ट्रकांनी तिला झोप यायची नाही. डाव्या पायाला सूज होती, मी तेल लावायची, तर म्हणायची, "नीट लाव, साधासुधा पाय न्हाई त्यो." आईला जाऊन आता दोन वर्षं होतील.

कमिटीनं पाठवलेला फोटो बारीक होता, कागद पिवळा पडलेला. मी फोनवर तो डोळ्यांनी लावायच्या भानगडीतच पडले नाही. हस्ताक्षर वाचून टाइप करून देणारं दुसरं एक ॲप भाचीनं माझ्या फोनवर घालून दिलं होतं, त्याला सरळ देऊन टाकला. पाचेक मिनिटांत स्वच्छ मोठ्या अक्षरांत निबंध समोर: माझी आई पहाटे उठते. अंगणातल्या तुळशीपुढे तिचा दिवा लागतो तेव्हा आमच्या घरात खरा सूर्योदय होतो. तिच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकलेल्या रामाच्या गोष्टींनी माझं बालपण घडवलं. तिसऱ्या ओळीला मी थांबले. आईनं मला कधी मांडीवर घेऊन रामाची गोष्ट सांगितली नव्हती. तिची मांडी मला ठाऊक होती ती रोपाच्या पेंढ्या बांधायची जागा म्हणून. शेवटपर्यंत शोधलं, आवणी नाही, इरलं नाही, पाय नाही.

मला लगेच कळलं काय झालंय ते, म्हणजे मला वाटलं की कळलं. संध्याकाळी भाचीच्या क्लासवर गेले आणि म्हटलं, हेही त्याच माळेतलं निघालं गं. याला वाचायला सांगितलं तर हे स्वतःच्या मनचं लिहितंय. माझा निबंध बदलून टाकला यानं. भाचीनं माझ्या हातातून फोन घेतला, मजकूर वाचला, मग फोटो उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला. मग हळूच फोन माझ्यापुढे धरला. "आत्या, यानं काय बी बदललं नाही. तूच वाच." मी चष्मा पुसून वाचलं. तुमचं अक्षर मी कुठंही ओळखीन गुरुजी, तो शेपूट लांबवलेला ळ, ती उजवीकडे कललेली ओळ. तुळस तुमच्या अक्षरात होती. सूर्योदय तुमच्या अक्षरात होता. मशीननं काना-मात्रेचा फरक न करता तुमचं जसंच्या तसं उतरवलं होतं. खाली माझं नाव, इयत्ता सहावी, तेही तुमच्याच हातचं. भाचीसमोर मी दोन दिवसांपूर्वी काय काय बोलले होते ते तिलाही आठवत होतं आणि मलाही. ती चांगली मुलगी आहे, तिनं मला चहा आणून दिला आणि दुसऱ्या विषयावर बोलत राहिली.

त्या रविवारी मी जुन्नरला गेले, तुमच्या घरी. तुमच्या बाई आता अगदी थकल्यात, पण बोलणं खणखणीत आहे. मी विचारणार नव्हते, पण बसल्या बसल्या विचारलंच. त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, "ते समद्यांचंच करायचे. तुझं एकटीचं न्हाई. तालुक्याला पाठवायचं तर नीटनेटकं पाहिजे म्हनायचे." मी विचारलं, मग माझा मूळचा कुठंय? "तो बंबात गेला आसंल बाई, जुनं कागूद मी बंबालाच लावायची." आणि मग, मी उठता उठता, तुमच्या बाई म्हणाल्या, "पन तुझा मला वाचून दाखविला व्हता हां. आईचं पाय झटकायचं लिवलं व्हतंस ना? दोनदा वाचला. म्हनले, हे लई चांगलंय. पन ह्याला बक्षीस न्हाई मिळायचं." त्यांनी ते माझं मन राखायला सांगितलं. घरी येईपर्यंत एसटीत मी तेवढंच घोळवत बसले होते.

गुरुजी, तुम्हाला तो वाईट वाटला असता तर मी तुम्हाला माफ केलं असतं. शिक्षक आहे, पोरीचं वाईट लिखाण सुधारलं, झालं. पण तुम्हाला तो चांगला वाटला. दोनदा वाचलात. आणि तरी माझी आई काढून तिथे कुणाचीही चालेल अशी एक आई बसवलीत, आणि ती पहिली आली. मला ते सांगितलंही नाहीत. एकदा, नुसतं एकदा म्हणाला असता की पोरी, पाठवला तो माझा होता, तुझा वेगळा होता आणि तो मला जास्त आवडला, तर मी वसतिगृहात एवढ्या ताठ मानेनं गेले नसते कदाचित, पण गेले असते. की नसते गेले? आण्णांनी मला त्या प्रमाणपत्रावर पाठवलं हेही खरंच आहे. तुम्ही माझं भलं केलंत यात वाद नाही. पण माझ्या आईला मी जन्मभर काय सांगत राहिले? तिचा पाय तालुक्याला गेलाच नव्हता. तो जुन्नरला तुमच्या बंबात गेला, कुणाच्या तरी आंघोळीचं पाणी तापवायला. ती मरताना तो पाय माझ्या हातात होता आणि मी तिला खोटं सांगत होते, तेही न कळत. हे मला तुमच्याकडून मिळालंय. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायला लावणारे तुम्ही.

कमिटीवाल्याला मी फोन करून सांगितलं, तो निबंध छापू नका. तो ऐकेना. म्हणाला, "पयलं पान त्येच्यासाठी ठिवलंय ताई, आन आता गुरुजींचं अक्षर बी हाय त्येच्यावर, लोक हौसंनं बघतील." मग मी म्हटलं, छापायचाच तर नाव ज्याचं त्याचं टाका. लेखक म्हणून गुरुजींचं नाव टाका. मग म्हणाला, "माझी आई, इयत्ता सहावी, आन खाली गुरुजींचं नाव? लोक हासतील की." मी म्हटलं, हसू देत. नाहीतर माझा लेखही मिळणार नाही. तो बिचारा घाबरला, हो म्हणाला. तुमच्यावरचा लेख मी दिलाय. त्यात चपलेची टाचणी ठेवलीय आणि फळ्यावरचे ते तीन शब्दही ठेवलेत, कारण ते खरं आहे. निबंधाबद्दल त्यात काही लिहिलं नाही. कुणी म्हणालं, आईच्या त्या तीन ओळी तरी आता पुन्हा लिहून दे, छापू. मी नाही दिल्या. चाळीस वर्षांनी लिहिलं तर तेही एक फेअर करणंच झालं.

हे पत्र मी आधी फोनला बोलून लिहून घ्यायला बघत होते, त्या तिसऱ्या, ठाऊक नाही म्हणणाऱ्या ॲपला. आईचं बोलणं आलं की ते व्हतं-चं होतं करतं, मी पुन्हा व्हतं करते. शेवटी वैतागून कागद घेतला. कुठे पाठवायचं याचा प्रश्न नाहीच, जुन्नरला पाठवलं तर तुमच्या बाई कुणाकडून तरी वाचून घेतील आणि या वयात त्यांना उगाच त्रास. टेबलाच्या खणात राहील, तुमच्या त्या निळ्या पेनाजवळ.

एक मात्र मघाशी मी खोटं लिहिलं. तिसऱ्या ओळीला थांबले असं म्हटलं. नव्हते थांबले. त्या स्वच्छ मोठ्या अक्षरांतला निबंध मी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला, सूर्योदयाच्या ओळीला डोळे भरून आले, आणि मनात म्हटलं, केवढी लहान होते मी आणि केवढं सुंदर लिहून गेले. पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. आईचा पाय त्यात नाही हे माझ्या लक्षात आलं ते त्या दुसऱ्या वेळी.